चिमणीकडे बघून हवा कळत नाही

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कोळशाच्या राखेवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. त्यातली सहा निवडली. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत मी नोकरी केली आणि आता मानकापूरला राहते. सकाळी आलेल्या कोळशाचा नमुना कुटायचा, मफल भट्टीत 815 अंशांवर जाळायचा आणि मागं उरलेली राख तोलायची. अधूनमधून चिमणीच्या प्लॅटफॉर्मवर चढून वायूचा नमुना घ्यायचा. उत्तरांना त्या कामाचा वास येणारच.

प्रश्न : ताई, लग्न होऊन मी महादुल्यात आले तेव्हा वाळत घातलेल्या कपड्यांवर, वड्या-पापडांवर राख बसायची. अंगण झाडलं की सूप भरायचं. आता तसं होत नाही. मुलगा म्हणतो, प्रदूषण कमी झालं. शेजारच्या काकू म्हणतात, काही कमी-बिमी नाही, खोकला उलट वाढलाय. खरं कोणाचं?
— एक गृहिणी, महादुला (कोराडी)

दोघांचंही. मुलगा राखेबद्दल बोलतोय आणि काकू बहुधा वायूबद्दल.

आधी राखेचा हिशेब मांडू. आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण कळायला पुरेत. 660 मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चोवीस तास चालला तर सुमारे 1 कोटी 58 लाख युनिट वीज तयार होते. युनिटमागे 650 ग्रॅम कोळसा धरा. म्हणजे दिवसाला दहा हजार टन. आपल्याकडच्या कोळशात 30 ते 45 टक्के राख असते. 35 टक्के धरली तर 3500 टन. त्यातला पाचवा हिस्सा बॉयलरच्या तळाशी पडतो. उरलेली 2800 टन राख पिठासारखी बारीक असते आणि ती वायूबरोबर चिमणीच्या वाटेला लागते.

वाटेत तिला अडवायला ईएसपी असतो. त्यात उच्च दाबाच्या विजेने राखेच्या कणांवर भार चढवतात, कण पत्र्यांना चिकटतात आणि मग हातोड्याने पत्रे ठोकून ते खाली पाडतात. हा ईएसपी 99 टक्के राख धरत असेल तर दिवसाला 28 टन बाहेर जाते. 99.9 टक्के धरत असेल तर 2.8 टन. कागदावर एका टक्क्याचाही फरक नाही, पण तुमच्या दोरीवरच्या कपड्यांना तो दहापट जाणवतो. जुन्या संचांवर ईएसपीचं एखादं फील्ड (पत्र्यांचा एक कप्पा) बंद पडलं, दुरुस्तीला वेळ लागला, की त्या काळात गावात राखेचा पाऊस ठरलेला. आम्हाला प्रयोगशाळेत रीडिंग यायच्या आधी गावातून फोन यायचे.

कोराडीचे जुने संच 1970 आणि 80च्या दशकांतले होते, सातही मिळून 1100 मेगावॅटच्या आसपास. 2015 ते 2017 या काळात 660 मेगावॅटचे तीन नवे संच आले, म्हणजे 1980 मेगावॅट. डिसेंबर 2015 च्या केंद्राच्या अधिसूचनेने धुळीची मर्यादाही आवळली. 2003 अखेरपर्यंत बसलेल्या संचांना घनमीटरला 100 मिलिग्रॅम, 2004 ते 2016 मधल्यांना 50, त्यानंतरच्यांना 30. त्याआधी मोठ्या संचांनाही 150 चालत होतं. तेव्हा वीज वाढूनही चिमणीची राख घटली, ही गोष्ट शक्य आहे आणि तुमचं अंगण तिचा पुरावा आहे. मुलाला तेवढे गुण द्या.

आता वायू. त्याच दहा हजार टन कोळशात अर्धा टक्का गंधक धरलं तर 50 टन गंधक होतं आणि जळून त्याचा 100 टन सल्फर डायऑक्साइड बनतो. ईएसपीच्या पत्र्यांना वायू चिकटत नाही. त्यासाठी एफजीडी नावाचं वेगळं यंत्र लागतं (त्याबद्दल खाली एका इंजिनिअर साहेबांनी विचारलंच आहे). ते नसेल तर जेवढा कोळसा जाळला तेवढा वायू बाहेर गेला, मग ईएसपी कितीही चकचकीत असो. नायट्रोजन ऑक्साइडचं थोडं वेगळं आहे. तो मुख्यतः ज्वाळेच्या तापमानावर आणि तिला मिळणाऱ्या हवेवर ठरतो, म्हणून बर्नर बदलून बराच कमी करता येतो.

हा सल्फर डायऑक्साइड महादुल्यात खाली उतरेलच असं नाही. 500 मेगावॅट आणि त्यावरच्या संचांना 275 मीटर उंच चिमणी बांधावी लागते, ती याचसाठी. पण उंच सोडलेला वायू नाहीसा होत नाही. काही तासांत, दिवस-दोन दिवसांत त्याचं सल्फेट होतं, शेतातल्या युरियातून आणि शेणखतातून उठणाऱ्या अमोनियाशी ते जुळतं आणि अतिशय बारीक कण बनतात. मोजणीच्या भाषेत ते पीएम 2.5 मध्ये जातात. ते पापडावर दिसत नाहीत, थेट फुप्फुसात उतरतात, आणि बनतात तिथून शेकडो किलोमीटर लांब जातात. कोराडीचा वायू भंडाऱ्याच्या हवेत असतो आणि दुसऱ्या कुठल्या केंद्राचा आपल्या.

थंडीत नागपूरचं आणखी एक दुखणं असतं. वारा मंद असतो, बऱ्याचदा उत्तरेकडून, म्हणजे कोराडी-खापरखेड्याकडून शहराकडे. रात्री जमिनीलगतची हवा गार पडून बसून राहते आणि चिमणीचा वायू तिच्या वर तरंगतो. सकाळी ऊन तापलं की वरची आणि खालची हवा मिसळते आणि वरचं सगळं खाली येतं. नेमकं लोक फिरायला निघतात तेव्हा.

काकूंचा खोकला कशाचा हे मात्र डॉक्टरांनी सांगावं. रस्त्याची धूळ, पेटवलेला कचरा, स्वयंपाकघरातली फोडणी, सगळेच उमेदवार आहेत.

प्रश्न : कोराडी रोडने जाताना मोठ्या मनोऱ्यांतून पांढऱ्या धुराचे ढग निघताना दिसतात. एवढं उघड प्रदूषण कोणी थांबवत का नाही?
— एक वाचक, गोधनी

ते कूलिंग टॉवर आहेत आणि निघते ती पाण्याची वाफ. तक्रार करायचीच तर पाण्याच्या वापराबद्दल करा. राख आणि वायू जिच्यातून जातात ती चिमणी उंच आणि सडपातळ असते, आणि यंत्रणा धड चालत असेल तर तिच्या तोंडाशी जवळजवळ काहीच दिसत नाही. प्रदूषणाचे फोटो म्हणून मला टॉवरचेच फोटो येतात. मंडळींनी कॅमेरा जरा बाजूला वळवावा.

प्रश्न : मॅडम, एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी युरोपातल्या देशांचे हवेतल्या उत्सर्जनाचे अहवाल वाचतोय. त्यात वीज केंद्रं एका रकान्यात आणि 'घन इंधनांची निर्मिती आणि इतर ऊर्जा उद्योग' दुसऱ्याच रकान्यात. कोळसा तर खाणीतून निघतो, त्याची निर्मिती कसली? आणि हा आलेख 1990 पासून इतका का घसरलाय?
— विद्यार्थी, अमरावती रोड, नागपूर

प्रश्न चांगला आहे, आणि तुझ्या सेमिनारमध्ये हाच भाग बाकीचे वगळतील, म्हणून तू वगळू नकोस.

सीमापार जाणाऱ्या हवेच्या प्रदूषणाबद्दलच्या 1979 च्या जिनिव्हा कराराखाली हे देश दरवर्षी आपला हिशेब देतात. त्यात ऊर्जा उद्योगांचे तीन पोटभाग असतात : वीज आणि उष्णता, तेलशुद्धीकरण, आणि तिसरा तू विचारतोस तो. तिसऱ्यात कोक (पोलादाच्या कारखान्यांत लागणारं, कोळसा भाजून केलेलं इंधन) तयार करणाऱ्या भट्ट्या, ब्रिकेटचे (कोळशाच्या भुकटीच्या विटांचे) कारखाने, लाकडी कोळसा करणाऱ्या भट्ट्या आणि खाणी-तेलविहिरींनी स्वतःचं काम चालवायला जाळलेलं इंधन येतं. म्हणजे एका इंधनाचं दुसरं इंधन करताना जो जाळ लागतो, तो. कोक भट्टीच्या दारांतून गळणारा वायू आणि खाणीतली धूळ मात्र इथे नाही. तो हिशेब 'निसटती उत्सर्जनं' या वेगळ्या भागात असतो. दोन्ही जोडल्याशिवाय कोकबद्दल एक वाक्यही लिहू नकोस.

कोक कसा होतो ते तुला माहीत असेल : कोकिंग कोळसा हवा न देता हजार अंशांच्या वर सोळा ते वीस तास भाजायचा. डांबर, बेंझिन, अमोनिया आणि जळाऊ वायू बाहेर पडतो, मागे कोक राहतो. भट्टी भरताना, दार उघडून कोक ढकलताना आणि लालबुंद कोकवर पाणी ओतताना जे सुटतं त्यात बेंझो(ए)पायरीनसारखे कर्करोगकारक पदार्थ असतात. टनांत बघशील तर वीज केंद्रांपुढे हा रकाना नगण्य वाटेल. विषारीपणात तो नगण्य नाही. विदर्भातला कोळसा कोकिंगचा नाही, त्यामुळे आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे रायपूरच्या वाटेवरचा भिलाईचा पोलाद कारखाना.

यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट ब्रिटनची आहे. 1952 च्या डिसेंबरात लंडनवर धुरकं बसलं, हजारो माणसं दगावली, आणि 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. शहरांतल्या शेगड्यांत धूर न करणारं इंधन जाळायचं ठरलं. ते इंधन कुठेतरी तयार करावं लागणारच. वेल्समधल्या अबरकम्बॉय या गावी 'फर्नासाइट' नावाच्या ब्रिकेटचा कारखाना होता. कोळशाच्या भुकटीत डांबर मिसळून ब्रिकेट पाडायचे आणि भट्टीत भाजून त्यांतला धूर आधीच काढून टाकायचा. तो धूर मग त्या दरीत राहायचा. कारखाना 1990 च्या सुमारास बंद झाला, आणि तिथल्या धुळीने आणि धुराने कामगारांना फुप्फुसाचे आजार जडल्याचं लंडनच्या उच्च न्यायालयाने 2012 मध्ये मान्य केलं. शहरी शेगड्यांच्या रकान्यात जी घट दिसते, तिच्यातला काही वाटा या दुसऱ्या रकान्यात गेलेला असतो.

आलेख का घसरला? थोडा यंत्रणा सुधारल्यामुळे, बराचसा कारखाने बंद झाल्यामुळे. ब्रिटनमध्ये स्कनथॉर्पच्या कोक भट्ट्या 2023 मध्ये आणि पोर्ट टॅलबटच्या मार्च 2024 मध्ये थांबल्या. त्याच वर्षी 30 सप्टेंबरला रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे तिथलं शेवटचं कोळशाचं वीज केंद्रही बंद झालं. विजेच्या बाबतीत ही खरी घट आहे, कारण वीज दुसऱ्या मार्गांनी तिथेच होते. कोकच्या बाबतीत तसं छातीठोकपणे म्हणता येत नाही. कोक किंवा पोलाद बाहेरून आणलं की धूर निर्यातदाराच्या वहीत जातो. 'घट' लिहिताना ती कोणत्या जातीची आहे हे शेजारी लिहायची सवय लाव.

एक सावधगिरी, जी गाईड सांगणार नाहीत. हे आकडे बहुतांशी मोजलेले नसतात, काढलेले असतात : इतके टन कोक, गुणिले टनामागे इतके ग्रॅम. हा गुणक सुधारला की त्या देशाला 1990 पर्यंत मागे जाऊन सगळी वर्षं पुन्हा मांडावी लागतात. त्यामुळे 2015 च्या अहवालातलं 1990 आणि 2024 च्या अहवालातलं 1990 जुळत नाही. सुरुवातीचं वर्ष जुन्या अहवालातून आणि शेवटचं नव्यातून घेतलंस तर आलेख कोसळलेला दिसेल आणि प्रत्यक्षात फक्त गुणक बदललेला असेल. पूर्ण मालिका एकाच अहवालातून घे.

प्रश्न : मॅडम, मी खाणीत डंपर चालवून रिटायर झालो. जो तो चिमणीच्या मागं लागला. आमच्या रेल्वे सायडिंगवर जे भुकटी उडते, ते काहून कोणी मोजत नाही? आन ढिगातला कोळसा आपोआप पेटते, महिना-महिना धुमसते. तो धूर कोणाच्या खात्यात?
— एक निवृत्त खाण कामगार, सिल्लेवाडा

काका, चिमणीला एक तोंड असतं, तिथे नळी घालता येते. खाणीला तोंडच नाही, ती सगळीकडून उडते. चिमण्यांवर आता चोवीस तास मोजणारी यंत्रं आहेत आणि त्यांचे आकडे प्रदूषण मंडळाकडे परस्पर जातात. खाणीचा अंदाज मात्र रस्त्याची लांबी, डंपरच्या फेऱ्या, ब्लास्टिंग, पाणी किती मारलं यावरून बांधावा लागतो. पाण्याचा टँकर फिरला की धूळ बसते हे खरं, पण मे महिन्यात उमरेडच्या उन्हात ते पाणी किती वेळ टिकतं हे तुम्ही मला शिकवाल.

कल कोणत्या दिशेला आहे, ते मात्र सांगता येतं. देशाचं कोळसा उत्पादन 2024-25 मध्ये शंभर कोटी टनांच्या पुढे गेलं आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त कोळसा उघड्या खाणींतला आहे. उघडी खाण म्हणजे आधी माती-मुरूम उपसा, टाका, त्याचे डोंगर करा, मग कोळसा. भूमिगत खाणीत धूळ कामगाराच्या छातीत जायची, आता ती गावावर पसरते. शिवाय 500 किलोमीटरपेक्षा लांब न्यायच्या कोळशात राख 34 टक्क्यांच्या आत हवी, असा नियम होता. तो मे 2020 मध्ये काढून टाकला. धुतलेला कोळसा जाळायचा की कच्चा जाळून राख यंत्राने धरायची यावर दोन मतं आहेत, कारण धुतल्यावर उरणारा रिजेक्ट कोळसाही शेवटी कुठेतरी जळतोच, बहुधा जिथे ईएसपी नाही तिथे. पण कच्चा कोळसा म्हणजे वाघिणीत तिसरा हिस्सा दगड-माती भरून देशभर फिरवणं, हे मला कधी पटलं नाही.

धुमसणाऱ्या ढिगाबद्दल तुमचा नेम बरोबर बसला. बॉयलरमध्ये कोळसा भरपूर हवेत, प्रचंड उष्णतेत जळतो. ढिगात तो कमी हवेत कुढत जळतो, म्हणून टनामागे कार्बन मोनॉक्साइड आणि डांबरी धूर कितीतरी जास्त निघतो. आंतरराष्ट्रीय नमुन्यात त्यासाठी जागा आहे, पण बहुतेक ठिकाणी ती रिकामी असते, कारण किती टन पेटला याची नोंदच कोणी ठेवत नाही. नोंद ठेवली तर स्टॉक कमी कसा झाला, हाही प्रश्न येतो. तुम्ही समजून घ्या.

प्रश्न : मी वीज क्षेत्रातला निवृत्त इंजिनिअर आहे. भारतीय कोळशात गंधक मुळात कमी. शहरांतला सल्फर डायऑक्साइडही मर्यादेच्या आत. मग एफजीडीवर हजारो कोटी का घालायचे? 2025 मध्ये सरकारने बहुतेक केंद्रांना सूट दिली ते योग्यच झालं, नाही का?
— एक वाचक, सिव्हिल लाइन्स

साहेब, गंधक कमी आहे हे टक्केवारीत. पण आपला कोळसा उष्णतेतही कमी आहे, म्हणून एका युनिटसाठी तो जास्त जाळावा लागतो, आणि मग वायूचा एकूण आकडा वर जातो. तो महादुल्याच्या उत्तरातल्या हिशेबात आलाच आहे. शिवाय कमी गंधकाचा एक तोटा तुम्हालाही ठाऊक असेल : राखेची विद्युत रोधकता वाढते आणि ईएसपी तिला नीट पकडत नाही. कित्येक केंद्रांत त्यासाठी वायूत अमोनिया सोडावा लागे.

नियमाचा प्रवास थोडक्यात सांगते, कारण बाकी वाचकांना तो माहीत नसेल. एफजीडी म्हणजे चिमणीआधी वायूवर चुनखडीच्या पाण्याचे फवारे मारून गंधक पकडणारं यंत्र. डिसेंबर 2015 मध्ये मर्यादा आल्या आणि दोन वर्षांची मुदत मिळाली. मग 2022 अखेरपर्यंत, मग 2021 मध्ये केंद्रांचे अ, ब, क असे गट पाडून आणखी पुढे, मग पुन्हा पुढे. जुलै 2025 च्या अधिसूचनेने 'क' गटाला, म्हणजे सुमारे 78 टक्के केंद्रांना, चिमणीच्या उंचीची अट घालून सूट दिली. 'ब' गटाचा निर्णय एकेक केंद्र बघून व्हायचा आहे. दिल्ली परिसराच्या किंवा दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहराच्या दहा किलोमीटरच्या आत असलेल्या 'अ' गटाला डिसेंबर 2027 पर्यंत मर्यादा पाळायच्या आहेत. कोराडी नागपूरच्या वेशीपासून किती लांब, ते सिव्हिल लाइन्समध्ये राहणाऱ्याला मी सांगायला नको.

सूट देताना ज्या अभ्यासांचा आधार घेतला त्यांत आपल्या वर्धा रोडवरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचाही होता. एफजीडी स्वतः वीज खातो, चुनखडीच्या खाणी वाढवतो, हे मुद्दे खोटे नाहीत. पकडलेल्या प्रत्येक 100 टन वायूमागे 150 टनांहून जास्त चुनखडी लागते आणि अडीचशे टनांच्या पुढे जिप्सम तयार होतं. पण 'शहरात सल्फर डायऑक्साइड कमी मोजला जातो' हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. मोजणी केंद्रापर्यंत येईतो त्याचं सल्फेट झालेलं असतं आणि ते पीएम 2.5 च्या आकड्यात लपतं. तिथे आपली वार्षिक मर्यादा 40 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 5. नागपूर, चंद्रपूर दोन्ही शहरं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहेत ती कणांमुळे.

दुसऱ्यांनी काय केलं तेही बघा. अमेरिकेत वीज केंद्रांचा सल्फर डायऑक्साइड 1990 मध्ये दीड कोटी टनांच्या वर होता, 2020 नंतर तो दहा लाख टनांच्या खाली आला. उपग्रहांच्या मोजणीवरचा 2017 चा एक अभ्यास सांगतो की 2007 नंतरच्या दशकात चीनचं उत्सर्जन 75 टक्के घटलं आणि भारताचं 50 टक्के वाढलं. चीनने त्या काळात कोळसा कमी जाळला नाही, त्यांनी एफजीडी बसवले आणि ते चालवले.

माझं मत विचाराल तर सरसकट सगळीकडे हवा असा हट्ट नाही. आयुष्य संपत आलेल्या 210 मेगावॅटच्या संचावर एफजीडी बसवण्यापेक्षा तो संच बंद करावा. 660 चा नवा संच अजून पंचवीस-तीस वर्षं चालणार आहे, त्याला सूट देऊ नये, मग तो कोणत्याही गटात असो.

प्रश्न : दरवर्षी कापूस निघाला की पऱ्हाटी शेतातच पेटवतो. आता पेलेटवाले (काडीकचरा दाबून जळणाच्या गोळ्या करणारे) विकत मागतात, म्हणतात थर्मलमध्ये कोळशाबरोबर जाळणार. त्याने प्रदूषण खरंच कमी होतं का, की नुसता धंदा?
— एक शेतकरी, काटोल

भाऊ, धंदा आहेच, पण फायदाही आहे. केंद्राच्या ऑक्टोबर 2021 च्या धोरणात कोळशात आधी 5 टक्के आणि मग 7 टक्के जैव पेलेट मिसळायचं ठरलं. पऱ्हाटीत गंधक फार थोडं आणि राखही कोळशापेक्षा कितीतरी कमी, त्यामुळे जितका कोळसा वाचला जवळपास तितका चिमणीचा सल्फर डायऑक्साइड वाचला. खरा फायदा तुमच्या बांधावर आहे. शेतात पेटवलेल्या पऱ्हाटीचा सगळा धूर जमिनीलगत राहतो, बॉयलरमध्ये तीच ईएसपीमागे जळते. फार जास्त मात्र मिसळता येत नाही. काडीकचऱ्याच्या राखेत पोटॅशियम असतं, ते वितळून बॉयलरच्या नळ्यांवर थर धरतं.

भाव ठरवताना ओलाव्याचं आधी विचारा. ओली पऱ्हाटी वजनात भरते, पण पेलेटवाला नंतर तेवढी कपात लावतो आणि ट्रॅक्टरचं भाडं तुमच्या डोक्यावर राहतं. उन्हात चांगली खडखडीत वाळू द्या, शक्यतो शेतातच तुकडे करून घ्या, आणि मुळाची माती झटकायला विसरू नका. मातीसकट गेलेली पऱ्हाटी ते परत पाठवतात.